टिटवीची दोरी

वहिनी,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळण्याचीच सवय होऊन गेली. दादा होता तोवर वाटायचं, त्याच्यासमोर कशाला. दादा गेल्यावर वाटलं, आता तुम्हाला उगाच त्रास कशाला. मग तुमचे गुडघे, माझा मोतीबिंदू, मीनलचं घर बदलणं. कारणं कमी पडली नाहीत. मी दर वेळी ठरवून यायचो, तुम्ही चहाचा कप पुढे ठेवायचात, आणि मी तो पिऊन परत जायचो.

तुमच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर सगळे हॉलमध्ये बसले होते. रडून झालं होतं, आता तुमच्या गमती निघत होत्या. तुम्हाला आवडलं असतं. तेवढ्यात तुमची नात सई म्हणाली, "आजीनं एकदा मुळशीच्या तलावात अख्खी होडी उलटी केली होती, माहितीये? त्यानंतर क्लबवाल्यांनी तिला शर्यतीत सुकाणूला हात लावू दिला नाही." सगळे हसले. मीनल डोळे पुसत म्हणाली, "आई स्वतःच सांगायची. म्हणायची, टिटवी मी बुडवली." आणि माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही होतात ना तेव्हा होडीत?"

"होतो," मी म्हणालो.

"म्हणून तर मी पाण्याच्या वाटेला जात नाही," सई म्हणाली. तिनं आपले दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. "हात आजीचे आहेत माझे."

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो, वहिनी. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. लिहितोय तुम्हाला, पण वाचायचं आहे सईनं.

सुरुवात माझ्यापासून करावी लागेल. मी इंटरला नापास झालो आणि पुण्यातल्या घरात माझ्याशी बोलायचे विषयच संपले. आई जेवायला वाढताना उसासा टाकायची. उन्हाळा लागला तसं तिनं मला मुळशीला पाठवून दिलं. दादाला तेव्हा धरणावर नोकरी होती आणि तलावाच्या काठाशी कौलारू क्वार्टर मिळाली होती. तुमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलंत, आठवतं? "भाऊजी, पोहता येतं का?"

"येतं," मी म्हणालो.

"मग झालं तर. बाकीचं नंतर बघू."

परीक्षेबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

क्लब म्हणजे काठावरची एक पत्र्याची शेड, पुढे जांभळीची सावली, आणि शिडाच्या पाच-सहा लाकडी होड्या. पुण्याहून येणारे लष्करातले काही अधिकारी, दातांचे एक डॉक्टर आणि त्यांच्या दोन मुली, धरणावरचे दादासारखे इंजिनियर. सगळ्यांवर निवृत्त मेजर घाटगे. आणि होड्यांची देखभाल धोंडिबाकडे. मी गेलो तेव्हा होड्या भिजत घालायचं काम चाललं होतं. वर्षभर शेडमध्ये वाळलेल्या लाकडाला फटी पडतात. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला होडीत दगड भरून ती काठच्या उथळ पाण्यात मुद्दाम बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं, फटी मिटतात, मग उपसून वर काढायची.

"अगबाई, वाल भिजत घालतात तशीच की!" तुम्ही म्हणालात. "मग मोड आल्यावर काढायची का?"

धोंडिबा हसला नाही. "मोड न्हाई येत, वैनी. खेकडी येत्यात."

त्यावर तुम्ही इतक्या हसलात की दगडासकट पाण्यात बसलात. मग धोंडिबाही हसला.

टिटवी ही त्यातली सगळ्यात जुनी होडी. तिला कोणी मागत नसे, म्हणून ती आपल्या वाट्याला आली. तुमचं माहेर कोकणातलं, खाडीच्या काठचं. होडीत बसणं तुम्हाला नवीन नव्हतं, पण शिडाची होडी तुम्हीही इथेच, दादाकडून शिकलात. आईकडून तिचं जुनं नऊवारी लुगडं मागवून घेतलंत, काष्टा मारलात, आणि पंधरवड्यात दादाच्या पुढे गेलात. दादा घरी येऊन म्हणाला होता, "ही माझ्याहून बरी चालवते. बाहेर बोलू नकोस." मी बोललो नाही. तेही एक न बोललेलंच राहिलं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून मेजरसाहेबांनी मला फळ्याचं काम दिलं. शेडच्या भिंतीवर काळा फळा होता. त्यावर दर रविवारी क्लबच्या बातम्या लिहायच्या: कोणती होडी जिंकली, पाणी किती उतरलं, लहान मुलांच्या पोहण्याच्या शर्यतीत कोण पहिलं आलं, पुढच्या रविवारी पिठलं-भाकरी कोणाकडून. येणारा प्रत्येक जण आधी फळा वाचायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं लिहिलेलं वाचत होतं आणि त्यावर लाल रेघ मारत नव्हतं. मेजरसाहेब एकदा दादाला म्हणाले, "तुमचा भाऊ इथं माणसात येतोय." ते तुम्ही मला पोळी वाढता वाढता सांगितलंत. वर आणखी एक पोळी वाढलीत.

आणि कळसाचा दिवस. तो आठवला की मला आजही बरं वाटतं.

धोंडिबाचं जुनं गाव तलावाच्या पोटात होतं. धरण झालं तेव्हा ते बुडालं. मे महिन्यात पाणी उतरत जायचं, आधी वठलेल्या झाडांचे शेंडे दिसायचे, आणि मग एके सकाळी देवळाचा कळस वर यायचा. त्या दिवशी क्लबात शर्यत नसे. हा मेजरसाहेबांच्याही आधीपासूनचा रिवाज. शिडं उतरवून ठेवायची, सगळ्या होड्या वल्ह्यांनी चालवायच्या आणि काठावरच्या वाड्यांमधल्या माणसांना कळसापर्यंत घेऊन जायचं. फळ्यावर त्या दिवशी एकच ओळ असे: कळस दिसला.

आपल्या टिटवीत एक म्हातारी बसली होती. नारळ पदरात घट्ट धरलेला. कळसाजवळ गेल्यावर तिनं हात लांब करून त्याला हात लावला, कुंकू लावलं, आणि तुम्हाला म्हणाली, "हितं माजं लगीन लागलं, बया."

"कुठं?" तुम्ही विचारलंत.

"ही काय, तुज्या पायाखाली."

तुम्ही नकळत पाय वर उचलून घेतलेत. म्हातारी खुदकन हसली. "ठीव, ठीव पाय. वऱ्हाडी समदी कवाच जेवून गेली." परत येताना ती तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि तुम्ही काठाला लागेपर्यंत हलला नाहीत.

आपलं भांडणही त्याच उन्हाळ्यातलं. वारा आधी कशाला कळतो, यावर. मी म्हणायचो, डोलकाठीवरच्या फडक्याला. ते हललं की वारा आला, नाही हललं की नाही आला. तुम्ही म्हणायचात, मानेला. दुपारी घाट चढून जो वारा यायचा त्याला तुम्ही "माझ्या माहेरचा" म्हणायचात. "तो निघाला की मला मानेला कळतं, भाऊजी. तुमच्या फडक्याला नंतर कळतं. फडक्याचे कुणी नातेवाईक आहेत का तिकडे?" मी पुस्तकातली आकृती काढून दाखवली. तुम्ही आकृतीवर वाटाणे निवडायला घेतलेत.

हे भांडण आपण साठ वर्षं भांडलो. मी कधी माघार घेतली नाही. का घेतली नाही, ते पुढे येईलच.

क्लबात बायकांनी होडीत बसायला मनाई नव्हती, पण शर्यतीत सुकाणू धरायची पद्धत नव्हती. तुम्ही एक दिवस मेजरसाहेबांना आंब्याची डाळ वाढता वाढता विचारलंत, "मेजरसाहेब, सुकाणूला कळतं का हो, हात कुणाचा आहे ते?"

"सुकाणूला नाही कळत," ते म्हणाले. "मेंबरांना कळतं."

"मग मेंबरांना तिकडे तोंड करून बसवा."

मेजरसाहेबांना हसू आवरेना. तरी ते लगेच कबूल झाले नाहीत. तुम्ही दर रविवारी विचारत राहिलात, आणि दर रविवारी काहीतरी वाढत राहिलात. डॉक्टरांच्या दोघी मुली तुमच्या मागे उभ्या असायच्या. त्यांना तुम्हीच सकाळी सकाळी शिकवत होतात. शेवटी साहेब म्हणाले, "करंडकाच्या आधी सरावाची शर्यत आहे. ती सुकाणूवर बसून नीट पुरी करा. केलीत तर करंडकाच्या शर्यतीत बसवतो. आणि या दोघींचं पुढच्या वर्षी बघू." तुम्ही घरी येऊन शिरा केलात. दादाला म्हणालात, "तुम्ही दुसरी होडी घ्या. टिटवीत माझ्या पुढे भाऊजी बसतील."

सईसाठी इथे थोडं समजावून सांगतो. टिटवीला दोन शिडं. सुकाणू आणि मोठ्या शिडाची दोरी मागे बसणाऱ्याच्या हातात. पुढच्या लहान शिडाची दोरी पुढे बसणाऱ्याच्या हातात. वाऱ्याचा जोराचा झोत आला की दोघांनीही दोऱ्या सैल सोडायच्या. शिडातला वारा निघून जातो, होडी सावरते. एकाची जरी दोरी सुटली नाही तरी होडी आडवी होते. म्हणून दोरी सतत हातात धरायची, कशालाही बांधायची नाही. मेजरसाहेबांचे नियम थोडेच होते, पण हा सगळ्यात वरचा. "दोरी बांधणारा माणूस मला क्लबात नको," ते म्हणायचे, आणि एका कॅप्टनला त्यांनी खरोखरच परत पाठवलं होतं.

त्या दुपारी ऊन रणरणत होतं. पाणी तेलासारखं पडलेलं, वारा शिडं जेमतेम भरतील इतकाच. आपण कळसाला बाहेरून वळसा घातला आणि बाकीच्या होड्यांच्या बऱ्याच पुढे निघालो. तुम्ही गुणगुणत होतात. मी मागे पाहिलं तर दादाची होडी नेमकी कळसाच्या मागून येत होती. पांढरं शीड, त्याच्यापुढे काळा कळस. दादाचा बॉक्स कॅमेरा मी न विचारता बरोबर आणला होता. फळ्यावर फोटो लावायचा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. बातमीबरोबर फोटो.

कॅमेऱ्याला दोन हात लागतात.

मी दोरी खुंटीला गुंडाळली आणि वर गाठ मारली. नुसती गुंडाळली असती तरी एका हिसक्यात सुटली असती. मी गाठ मारली. मला वाटलं, क्षणभराचं तर काम आहे. शीड मध्ये होतं, तुम्हाला ते दिसलं नाही.

"भाऊजी," तुम्ही म्हणालात, "येतोय. मानेला लागला."

मी वर पाहिलं. फडकं लोंबत होतं. "काही येत नाही," मी म्हणालो आणि कॅमेऱ्यात डोळा घातला.

मग पाणी काळं झालं आणि झोत आला. तुम्ही मोठी दोरी केव्हाच सोडली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सुकाणूही वळवलं होतंत. "सोडा! भाऊजी, सोडा!" मी कॅमेरा टाकला आणि गाठीवर तुटून पडलो. ताणलेली गाठ सुटते का? पुढचं शीड फुगलेलंच राहिलं, आणि टिटवी आडवी झाली ती सावकाश, म्हैस पाण्यात बसते तशी.

मी वर आलो तेव्हा तुम्ही खुंटीपाशी होतात. धोंडिबा वल्ही मारत आपल्याकडे निघाला होता, पण अजून लांब होता. तुम्ही एका हातानं होडी धरली होती आणि तोंड पाण्यात घालून ती गाठ दातांनी सोडवत होतात. मला वाटलं, होडी सरळ करायची म्हणून चाललंय. गाठ सुटली. तुम्ही दोरी पाण्यात झटकलीत, मोकळी सोडलीत, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "लागलं नाही ना कुठं?"

धोंडिबा आला. त्यानं होडी सरळ करताना दोरी हातात घेतली. "ह्या दोरीला पीळ कशाचा बसलाय?"

"पाण्याचा," तुम्ही म्हणालात.

त्यानं तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आसंल. पानी कायबी करतंय," म्हणाला आणि वल्ही उचलली.

तुमच्या ओठाला रक्त आलं होतं. ते तुम्ही काठाला पोचेपर्यंत चूळ भरून धुऊन टाकलंत.

काठावरून सगळ्यांनी काय पाहिलं? सुकाणूवर बाई, आणि होडी उलटलेली. मेजरसाहेबांनी मला विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "झोत आला." इतकंच. खोटं नव्हतं. तिथं मी थांबलो असतो तर कदाचित आज हे लिहावं लागलं नसतं. तुम्ही गाठ सोडवून मला गप्प राहायची मोकळीक दिली होती. खोटं लिहायची दिली नव्हती.

पण रविवार होता, आणि बातमी लिहायची होती. खडू हातात घेतला तेव्हा माझ्या मागे माणसं उभी होती. मेजरसाहेबही होते. मला पुण्याचं घर आठवलं, आईचा उसासा आठवला, परत पाठवलेला तो कॅप्टन आठवला. मी लिहिलं: टिटवी उलटली. वाऱ्याच्या झोतात सौ. कुमुदिनीबाईंना सुकाणू सावरता आलं नाही. दोघंही सुखरूप.

तुम्ही ओले केस मोकळे सोडून आलात आणि फळ्यासमोर उभ्या राहिलात. तीन ओळी वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ उभ्या होतात.

"अक्षर छान आलंय, भाऊजी," तुम्ही म्हणालात.

चहाच्या वेळी मेजरसाहेबांनी सांगून टाकलं. यापुढे शर्यतीत बायकांनी पुढे बसावं, सुकाणू पुरुषांकडे राहील. त्यांनी ते वाईट वाटून सांगितलं, ओरडून नाही. तुम्ही कपबशी खाली ठेवलीत आणि "बरं" म्हणालात. डॉक्टरांच्या मुली जांभळीखाली उभ्या होत्या. त्यातली धाकटी रडत होती. पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघी आल्याच नाहीत.

रात्री जेवताना दादानं विचारलं, "माझा कॅमेरा कुठे आहे रे?"

मी घास तोंडात घेतलेला.

"मी नेला होता," तुम्ही म्हणालात. "फोटो काढायचा होता तुमचा. पडला पाण्यात. रागवायचं असेल तर आमटी संपल्यावर रागवा."

दादा तुमच्यावर कधी रागवायचा? हसायला लागला. मी घास गिळला. तो घास मला अजून आठवतो. वालाची उसळ होती.

करंडकाच्या शर्यतीत टिटवीचं सुकाणू दादानं धरलं, पुढे मी बसलो. आम्ही जिंकलो. तुमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर जो फोटो आहे, दादा आणि मी करंडक धरून उभे, तो त्या दिवसाचा. त्यात काठाकडे टाळ्या वाजवणारी एक पुसट आकृती दिसते. सई, ती तुझी आजी आहे. सगळ्यात मोठ्यांदा तीच टाळ्या वाजवत होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, भाऊजींनी नुसतं रडगाणं लावलंय. त्यानंतरचे उन्हाळे सुखाचे गेले, वहिनी. तुम्ही रुसून घरात बसला नाहीत. शर्यतीत नाही तर नाही. सकाळी क्लबला जाग यायच्या आत धोंडिबा तुम्हाला टिटवी काढून द्यायचा आणि तुम्ही एकट्या कळसापर्यंत जाऊन यायचात. येताना होडीत कधी करवंदं असायची, कधी कुणीतरी दिलेले मासे. मीनल पोटात होती तेव्हाही जायचात. दादा काठावर उभा राहून ओरडायचा आणि तुम्ही हात हलवायचात. मी पुढच्या वर्षी इंटर पास झालो, नोकरीला लागलो, तरी सुट्टी मिळाली की मुळशी गाठायचो. तुम्ही मला पिठलं करायला शिकवलंत. मी तुम्हाला सायकल शिकवली. माझी बायको मुळशीला पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही तिला दारातच विचारलंत, "पोहता येतं का?" ती बिचारी दादाकडे बघायला लागली.

एका सकाळी मी शेडमध्ये होतो. मेजरसाहेब चहाचा मग घेऊन पायरीवर उभे होते. टिटवी लांब कळसाजवळ वळत होती, एक थेंब न उडवता. ते बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुरेख चालवते. त्या दिवशी काय झालं, कुणास ठाऊक."

वहिनी, दरवाजा इतका सताड उघडा मला पुन्हा कधी मिळाला नाही. तोवर माझी नोकरी कायम झाली होती. क्लबातून काढलं असतं तरी माझं काही बिघडणार नव्हतं.

"वारा होता," मी म्हणालो.

मग मेजरसाहेब गेले. धोंडिबा गेला. दादाची बदली झाली, क्लबची शेड मोडली. आता त्या काठाला रिसॉर्ट झालेत आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. टिटवीचं काय झालं, मला माहीत नाही. फळा पुसला गेला त्याला किती वर्षं झाली. पण त्याच्यावरची बातमी पुसली गेली नाही, कारण ती तुम्ही उचललीत आणि स्वतःची म्हणून सांगत राहिलात. "टिटवी मी बुडवली." दर वेळी मी समोर असायचो. दर वेळी हसायचो.

तुम्ही विसरला नव्हतात, हे मला ठाऊक होतं. मी निघताना तुम्ही दारापर्यंत यायचात आणि म्हणायचात, "दोरी हातात धरा हं, भाऊजी." मुलांना वाटायचं, काकांनी सांभाळून जावं म्हणून आई म्हणते. मला कळायचं. त्यात टोमणा होता का? थोडा असावा. पण तुमचा चेहरा तेव्हा हसरा असायचा, आणि आज वाटतं, तुम्ही मला दर वेळी एक संधी देत होतात. मी चप्पल घालायचो.

आणि फडकं की मान हे भांडण मी का सोडलं नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मान म्हणालो असतो तर त्या दुपारी तुम्हाला आधी कळलं होतं, हे कबूल करावं लागलं असतं. मग पुढचं सगळंच.

तुम्ही जायच्या थोडे दिवस आधी मी आलो होतो. खरं सांगतो, पाठ करून आलो होतो. तुम्हाला दिसत कमी होतं, पण माझी पावलं ओळखलीत. "भाऊजी, खिडकी उघडा." मी उघडली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, समोर दुसरी इमारत, तिच्यावर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी. एकही चादर हलत नव्हती. तुम्ही मान थोडी वळवलीत आणि डोळे मिटून म्हणालात, "आला माहेरचा."

मी चादरींकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं त्यातली एक हलली.

"वहिनी," मी म्हणालो, "ती दोरी..."

"चहा गार होतोय, भाऊजी."

मी चहा प्यायलो. तुम्हाला झोप लागली. माझं पाठ केलेलं तसंच राहिलं. मीनल दारापर्यंत आली. त्या दिवशी "दोरी हातात धरा" कुणी म्हणालं नाही.

सई, तुझे हात आजीचे आहेत हे खरं आहे. त्या हातांनी मोठी दोरी वेळेवर सोडली होती. ते हात घेऊन तू एकदा मुळशीला जा. मला आता होडीत चढवत नाही, पण काठावर खुर्ची टाकून बसता येईल.

आता ती बातमी दुरुस्त करतो. फळा नाही, म्हणून इथेच. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

टिटवी उलटली. पुढच्या शिडाची दोरी भाऊजींनी खुंटीला बांधली होती. झोत येतोय हे कुमुदिनीबाईंनी आधी सांगितलं होतं. त्यांचं सुकाणू बरोबर होतं. दोघंही सुखरूप, ते त्यांच्यामुळे.

वहिनी, वारा मानेलाच आधी कळतो. दोरी मी बांधली, बातमी मी लिहिली, घास मी गिळला. तुमचं सुकाणू मी घेतलं. मला माफ करा.